कारणाचा रकाना

चार जणांनी मिळून संगणकाचा एक प्रोग्रॅम लिहायचा असेल तर त्यांनी प्रथम काय शिकावे, असा प्रश्न आज शाळा-कॉलेजांतून विचारला जातो, आणि त्याचे उत्तरही सर्वत्र एकच मिळते: गिट शिकावे. उत्तर बरोबर आहे. परंतु गिट शिकणे म्हणजे काय, असे पुढे विचारले की उत्तर देणारे आपल्या हातावर एक चिठ्ठी ठेवतात. तीवर सात-आठ आज्ञा असतात. ॲड, कमिट, पुश, पुल, ब्रँच, मर्ज. या पाठ करा, दिलेल्या क्रमाने टाइप करा, काम होईल. या चिठ्ठीला माझा विरोध आहे. ती चुकीची आहे म्हणून नव्हे, तर या विद्येत जे मुख्य आहे तेच नेमके तीत गाळलेले आहे म्हणून.

माझे म्हणणे आरंभीच स्पष्ट सांगतो. सामाईक प्रोग्रॅमवर काम करण्याची विद्या ही आधी लेखनविद्या आहे, यंत्रविद्या नंतर. तिचा पहिला धडा आहे तो आपण केलेल्या बदलाचे कारण चार ओळींत, दुसऱ्याला समजेल असे लिहिण्याचा. हा धडा मुलांना मातृभाषेतूनच दिला पाहिजे आणि तो देण्याची जबाबदारी भाषेच्या शिक्षकाची आहे. आपण ती टाळली आहे. परिणाम असा की शेकडो मुले आज्ञा बिनचूक टाइप करतात आणि 'हे तू का बदललेस?' असे विचारले की खाली पाहतात.

हे सांगणारा मी कोण, असे कोणी विचारील, आणि विचारावेच. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. मी कादंबऱ्या लिहितो आणि शाळेत मराठी शिकवतो. संगणकशास्त्राची पदवी माझ्यापाशी नाही. पण गिटच्या पोटात काय चालते ते समजून घ्यायला पदवी लागत नाही. ज्याला हिशेबाची वही ठेवता येते त्याला ते एका दुपारी समजते. उलट, कारण लिहिणे ही गोष्ट ज्यांच्या पदव्यांच्या अभ्यासक्रमात कधी आलीच नाही, ते लोक ही विद्या मुलांना शिकवीत आहेत, ही मला अधिक काळजीची बाब वाटते.

आता गिट म्हणजे काय ते थोडक्यात सांगितले पाहिजे. खेड्यातल्या माणसाला ते समजावणे शहरातल्यापेक्षा सोपे आहे, कारण त्याने सातबारा हाताळलेला असतो. सातबारा जमिनीची आजची स्थिती सांगतो: मालक कोण, क्षेत्र किती, पीक कोणते. ही स्थिती कशी आली ते मात्र सातबारावर नसते. ते गाव नमुना 6 मध्ये, म्हणजे फेरफाराच्या नोंदवहीत असते. प्रत्येक फेरफाराला क्रमांक असतो, तारीख असते, आणि बदल कशाने झाला तेही लिहिलेले असते: वारसाने, खरेदीखताने, की वाटणीने. नोंद घातली की हितसंबंधितांना नोटीस जाते. हरकत आली तर ती वेगळ्या वहीत चढते, आणि मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित केल्यावाचून नोंद पक्की होत नाही. हस्तलिखित सातबारावर जुने नाव खोडून टाकीत नसत, त्याला कंस करीत. म्हणजे काल काय होते ते आज वाचता येई.

गिट हीच व्यवस्था प्रोग्रॅमला लावते. आपण फायलींत बदल करतो. त्यांपैकी कोणते बदल नोंदवायचे ते 'ॲड' करून बाजूला काढतो, आणि मग 'कमिट' करतो. कमिट म्हणजे नोंद. तीत त्या क्षणीच्या सर्व फायलींची स्थिती असते, लिहिणाऱ्याचे नाव आणि वेळ असते, आधीच्या नोंदीचा संदर्भ असतो आणि एक निरोप असतो. या सर्वांवरून गणिताने एक खूण काढली जाते. बहुतेक ठिकाणी ती 40 अंकाक्षरांची असते. आतले एक अक्षर जरी बदलले तरी खूण बदलते, आणि पुढच्या नोंदींत मागच्या खुणा गोवलेल्या असल्यामुळे पुढच्या साऱ्या खुणा बदलतात. म्हणून गिटमधला इतिहास बदलताच येत नाही असे नव्हे. पण ज्यांच्यापाशी जुनी प्रत आहे त्यांच्या नकळत तो बदलता येत नाही. शाखा, म्हणजे ब्रँच, ही अमुक नोंदीकडे बोट दाखवणारी केवळ एक चिठी असते. दोघे जण दोन शाखांवर निर्वेधपणे काम करतात आणि शेवटी त्यांची जुळवणी, म्हणजे मर्ज करतात. ही सारी वही प्रत्येकाच्या संगणकावर पूर्ण असते. तिला इंटरनेट लागत नाही. ज्या शाळेत इंटरनेट दिवसातून दोन तास येते तेथेही चार संगणक आणि एक पेनड्राइव्ह एवढ्यावर हे काम चालते.

हे अखेरचे वाक्य मी मुद्दाम लिहिले, कारण चिठ्ठीवाल्यांचा पहिला पाठ 'गिटहबवर खाते उघडा' असा असतो. गिट आणि गिटहब ही एक वस्तू नव्हे. गिट 2005 साली निर्माण झाले. गिटहब हे गिटच्या वह्या ठेवण्याचे एक दुकान आहे, ते 2008 साली सुरू झाले आणि 2018 साली मायक्रोसॉफ्टने विकत घेतले. दुकान चांगले आहे, पण लिहिण्याचा धडा दुकानापासून सुरू करण्याचे कारण नाही. तेरा वर्षांखालील मुलाला तर त्या दुकानात खातेही काढता येत नाही. मग त्याने तेरावे वरीस लागेपर्यंत कारण लिहायला शिकू नये काय?

आता निरोपाकडे येतो. कमिट करताना गिट आपल्यापुढे एक रिकामी जागा ठेवते आणि निरोप मागते. साऱ्या व्यवस्थेत यंत्राला स्वतःहून भरता येत नाही असा हा एकच रकाना आहे. काय बदलले ते यंत्राला ठाऊक असते. दोन प्रतींची ओळीगणिक तुलना करून ते दाखवता येते, त्यालाच डिफ म्हणतात. कोणी बदलले आणि केव्हा बदलले हेही त्यापाशी असते. का बदलले, हे मात्र फक्त माणसाला ठाऊक असते. आणि नेमका हाच रकाना आपली मुले कशी भरतात? 'अपडेट.' 'चेंजेस.' 'फायनल.' 'फायनल 2.' एका शिबिरात मी स्वतः शिक्षकाच्या तोंडून ऐकले आहे की तेथे काहीही टाका, नाही टाकले तर पुढे जाता येत नाही. काहीही टाका! फेरफाराच्या नोंदीत तलाठ्याने 'बदल केला' एवढेच लिहिले, तर ती नोंद कोणता मंडळ अधिकारी प्रमाणित करील?

कारण न लिहिल्याने काय बिघडते ते एका साध्या उदाहरणाने दाखवतो. आमच्या वर्गातील चार मुलांनी शाळेच्या ग्रंथालयासाठी पुस्तकांच्या देवघेवीचा प्रोग्रॅम लिहायला घेतला. उशीर झाला तर दंड काढायचा होता. एका मुलीने दंडाच्या हिशेबातून 21 दिवस वजा करणारी एक ओळ घातली. ओळ अगदी लहान. वाचणाऱ्याला ती वेडगळच वाटावी. एकवीसच का? वजा का? निरोप जर 'दंड अपडेट' असा असता तर सहा महिन्यांनी दुसऱ्या कोणी ती ओळ निरुपयोगी समजून काढून टाकली असती, आणि त्याचा तो दोष म्हणता आला नसता. पण त्या मुलीने लिहिले होते: 'दिवाळीच्या सुट्टीचे 21 दिवस दंडात धरू नका. ग्रंथालय बंद असते. मूल पुस्तक परत कसे करणार?' या तीन वाक्यांत नियम आहे, त्याचे कारण आहे, आणि न्यायबुद्धीही आहे. एवढेच नव्हे, हा उपाय कोठे अपुरा पडेल तेही त्यांवरून ध्यानात येते. सुट्टी पुढल्या वर्षी 18 दिवसांची झाली, किंवा पुस्तक सुट्टीनंतर नेलेले असले, तर 21 चा आकडा चुकेल हे वाचणाऱ्याला लगेच कळते. कारण लिहिले म्हणजे चूकही दुरुस्त होण्याच्या मार्गाला लागते.

आणि हे वाक्य तिने मराठीत लिहिले. येथे चिठ्ठीवाले भुवया उंचावतात. निरोप इंग्रजीतच लिहायचा असतो, असे त्यांनी मुलांना सांगितलेले असते. कोणी सांगितले? गिटने तर नाही. गिट निरोप युनिकोडमध्ये ठेवते आणि देवनागरी अक्षराला ते रोमन अक्षराइतकेच घर देते. यंत्राची हरकत नसताना आपणच मुलांच्या तोंडावर हात ठेवतो. ज्या मुलीला मराठीत दोन नेमकी वाक्ये लिहिता येतात, तिच्याकडून इंग्रजीचा हट्ट धरून आपण 'अपडेट' एवढा एकच शब्द मिळवतो आणि मग म्हणतो की मुलांना कारणे देता येत नाहीत. मुलांना कारणे देता येतात. त्यांना ती देण्याची भाषा आपण काढून घेतली आहे.

यावर एक आक्षेप रास्त आहे, तो मी टाळणार नाही. उद्या हीच मुलगी जगभरच्या लोकांबरोबर काम करील तेव्हा तिला इंग्रजीत लिहावे लागेल. लागेलच. ज्या मंडळीत काम करायचे तिची भाषा वापरावी, हा साधा शिष्टाचार आहे. परंतु चार मराठी मुले मराठी शाळेच्या ग्रंथालयासाठी प्रोग्रॅम लिहीत असतील तर त्या मंडळीची भाषा कोणती? शिवाय, ज्याला आपल्या भाषेत 'का' सांगता येत नाही त्याला परक्या भाषेत ते कोठून सांगता येणार? आधी कारण सुचले पाहिजे, मग त्याचे भाषांतर. आपण भाषांतराची घाई करतो आणि भाषांतर करायला हातात काही नसते.

जगातले मातब्बर लोक या रकान्याला किती मान देतात तेही पाहा. लिनक्स हा प्रोग्रॅम लिनस टॉरवल्ड्स यांनी 1991 साली सुरू केला. पहिली दहा-अकरा वर्षे जगभरचे लोक आपापले बदल टपालाने, म्हणजे ई-मेलने धाडीत आणि टॉरवल्ड्स ते हाताने जोडीत. 2002 साली त्यांनी बिटकीपर नावाची एका कंपनीची वही वापरायला घेतली. 2005 साली तिचा फुकट परवाना गेला, तेव्हा त्या एप्रिलमध्ये टॉरवल्ड्स यांनी स्वतः गिट लिहायला घेतले आणि काही दिवसांतच गिटची स्वतःची नोंद गिटमध्येच होऊ लागली. जुलैपासून ते काम जुनिओ हामानो यांच्याकडे आले. या लिनक्सच्या कामात बदल कसा धाडावा याचे नियम छापलेले आहेत. त्यांत सांगितले आहे की आधी अडचण काय होती ते लिहा; ती सोडवणे का आवश्यक आहे हे वाचणाऱ्याला पटवून द्या; आणि बदलाचे वर्णन आज्ञार्थात करा, जणू प्रोग्रॅमलाच सांगत आहात की अमुक कर. आज्ञार्थात! विध्यर्थ आणि आज्ञार्थ यांतला भेद आम्ही मराठीचे शिक्षक वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो, आणि मुले 'सर, याचा उपयोग काय?' असे विचारीत आली. घ्या, हा उपयोग. आणखी एक नियम तेथे 2004 पासून आहे. निरोपाच्या शेवटी आपले नाव लिहून सही करायची; तिचा अर्थ असा की हा बदल देण्याचा मला अधिकार आहे. म्हणजे निरोप हे एक लहानसे पत्रच झाले. त्याला कारण आहे, विनंती आहे आणि खाली सही आहे. पत्रलेखन शिकवणाऱ्यांनी हे काम दुसऱ्याचे म्हणून सोडून द्यावे, याचे मला नवल वाटते.

नोंदीची किंमत काय, याचा एक दाखला लिनक्सच्याच इतिहासात आहे. 2003 सालच्या नोव्हेंबरची गोष्ट. मूळ वही बिटकीपरमध्ये होती, आणि ज्यांना ती वापरायची नव्हती त्यांच्यासाठी सीव्हीएस नावाच्या जुन्या पद्धतीत तिची एक नक्कल ठेवलेली होती. कोणी तरी त्या नकलेच्या संगणकात घुसून दोन ओळी घातल्या. दिसायला ती एक निरुपद्रवी तपासणी होती. पण त्या भाषेत बरोबरीची दोन चिन्हे जोडून लिहिली तर 'हे समान आहे काय?' असा प्रश्न होतो, आणि एकच लिहिले तर 'हे समान कर' अशी आज्ञा होते. येथे एकच चिन्ह होते. ती ओळ टिकली असती तर तिचे मर्म जाणणाऱ्या कोणाही वापरकर्त्याला त्या यंत्रावर सर्वाधिकार मिळवता आले असते. ही लबाडी उघडकीस आली ती नकलेचा मूळ वहीशी ताळा घेताना. त्या बदलामागे मूळ वहीतली नोंद नव्हती. आला कोठून, कोणी मान्य केला, याचे उत्तर नव्हते. ज्या बदलाला कुळ-मूळ नाही तो बदल संशयास्पद, एवढ्या एका रिवाजाने त्या दिवशी काम केले. आणि आपण मुलांना सांगतो की तेथे काहीही टाका!

आता जुळवणीविषयी. येथे तर चिठ्ठी मुलांची सरळ फसवणूक करते. ती सांगते की मर्ज ही आज्ञा द्या. कॉन्फ्लिक्ट आला, म्हणजे दोघांनी एकच ओळ दोन तऱ्हांनी बदलली असली, तर गिट ती जागा खुणा करून दाखवील. हवी ती ओळ ठेवा, नको ती काढा. यातून मुलांची अशी समजूत होते की तंटा आला नाही म्हणजे सारे जुळले. ही समजूत घातक आहे. त्याच ग्रंथालयाच्या प्रोग्रॅमात एका मुलाने आपल्या शाखेवर उशीर दिवसांऐवजी आठवड्यांत मोजायला घेतला, कारण दंड दर आठवड्याला 5 रुपये ठरला होता. तिकडे त्या मुलीची 21 वजा करणारी ओळ दुसऱ्या फायलीत होती. दोघांचे काम आपापल्या जागी निर्दोष. ओळी वेगळ्या, फायली वेगळ्या. गिटने चकार शब्द न काढता जुळवणी केली. मग पाच आठवडे उशीर केलेल्या मुलाचा हिशेब काढला तर पाचातून एकवीस गेले, उणे सोळा राहिले, आणि शाळाच त्या मुलाला 80 रुपये देणे लागली! वर्गात हशा पिकला. पण मुलांना कळले की यंत्र ओळी जुळवते, अर्थ जुळवीत नाही. अर्थ जुळवायचा तर एकाने दुसऱ्याचा निरोप वाचावा लागतो, आणि वाचण्याजोगा निरोप आधी कोणी तरी लिहावा लागतो. 'उशीर यापुढे आठवड्यांत मोजा' हे त्या मुलाच्या निरोपात स्पष्ट लिहिलेले होते, म्हणून दोष शोधायला पाच मिनिटे पुरली.

जुळवणीची ही विद्या आपल्याला परकी आहे असे ज्यांना वाटते त्यांनी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराकडे पाहावे. तेथे महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम 1919 साली सुरू झाले आणि 1966 साली पुरे झाले. 1925 पासून विष्णु सीताराम सुकथनकर यांनी त्याला शास्त्रशुद्ध शिस्त लावली. देशाच्या निरनिराळ्या भागांतून आणि निरनिराळ्या लिप्यांतून मिळवलेली 1200 हून अधिक हस्तलिखिते तपासली गेली. कोणत्या प्रतीत कोणता श्लोक जादा, कोठे कोणता शब्द निराळा, हे पानोपान तळटिपांत नोंदवले गेले. हे एवढे कष्ट कशासाठी? दोन प्रतींत भेद दिसला तर खरे कोणते ते त्या दोन प्रती पाहून ठरत नाही. त्या दोन्ही ज्या प्रतीवरून निघाल्या ती तिसरी प्रत हाती लागावी लागते. शतकानुशतके नक्कल करणाऱ्यांनी काय बदलले आणि का बदलले याची वही ठेवली नव्हती, म्हणून ती तिसरी प्रत पंडितांना 47 वर्षे तर्काने बांधावी लागली. गिट जुळवणी करताना नेमकी तीच तिसरी प्रत काढून समोर ठेवते: तुझी प्रत, माझी प्रत, आणि दोघांची फाटाफूट होण्यापूर्वीची सामाईक प्रत. पंडितांनी ज्यासाठी आयुष्ये वेचली ते मुलांना आयते मिळते आहे. त्यांनी फक्त 'का' लिहायचे आहे. एवढेही त्यांच्याकडून करवून घ्यायला आपण तयार नाही.

आता उरलेले आक्षेप. पहिला असा की मुलांच्या साऱ्या चुका कायमच्या नोंदल्या गेल्या तर मुले बुजतील. मला अनुभव उलटा आहे. मुले बुजतात ती आपल्या पक्क्या वहीपायी. आपल्या शाळा कच्ची वही लपवायला आणि पक्की वही दाखवायला शिकवतात. खाडाखोड म्हणजे अपराध. जेथे मागे जाता येत नाही तेथे पुढे पाऊल टाकायची भीती वाटते. गिटमध्ये चुकीची नोंद मागे घ्यायची तर 'रिव्हर्ट' करतात, म्हणजे उलटी नोंद घालतात. जमाखर्च लिहिणारा चुकलेली रक्कम न खोडता उलटी नोंद घालतो तसेच. चूकही दिसते आणि दुरुस्तीही दिसते. पासवर्डासारखी गुप्त वस्तू मात्र कधी नोंदवू नये, आणि चुकून नोंदवली गेलीच तर पासवर्डच बदलावा, कारण उलटी नोंद घातली तरी जुने पान वाचणाऱ्याला वाचता येते. एवढी सावधगिरी सोडली तर मुलाला निर्भय करणारी याहून चांगली वही मला ठाऊक नाही.

खरी भीती निराळीच आहे, आणि तिचे मूळ शिक्षकांत आहे. कोणती ओळ शेवटी कोणी लिहिली ते दाखवणाऱ्या आज्ञेचे नाव 'ब्लेम' असे आहे. काही ठिकाणी या आज्ञेने मुलांना धाकात ठेवण्याची आणि कोणाच्या किती नोंदी ते मोजून गुण देण्याची टूम निघाली आहे. हे ताबडतोब बंद झाले पाहिजे. नोंदी मोजल्या की मुले एका बदलाचे दहा तुकडे करतात आणि प्रत्येकावर 'अपडेट' लिहितात. ब्लेमचा खरा उपयोग दोषी शोधण्याचा नसून विचारायचे कोणाला ते शोधण्याचा आहे. त्या ओळीवरून नोंदीवर जावे आणि निरोप वाचावा, यासाठी ती आज्ञा आहे. गटाच्या कामात एक मूल राबते आणि चौघांची नावे लागतात, हा आपला जुना अन्याय या वहीने दूर होऊ शकतो; पण शिक्षकाने नोंदी मोजण्याऐवजी वाचल्या तरच.

दुसरा आक्षेप अगदी ताजा आहे. आता कृत्रिम बुद्धिमत्ता प्रोग्रॅमही लिहिते आणि निरोपही लिहिते, मग मुलांनी कशाला शिकावे? मी ते निरोप वाचले आहेत. भाषा सफाईदार असते. 'दंडाच्या गणनेतून 21 वजा करण्याची तरतूद केली', असे ते यंत्र लिहील. म्हणजे डिफमध्ये जे दिसते तेच शब्दांत सांगेल. ग्रंथालय दिवाळीत बंद असते हे त्याला कोणी सांगितले तरच कळेल, आणि सांगणारा माणूसच असेल. कारण प्रोग्रॅमात नसते. ते शाळेच्या कुलपात असते, ग्रंथपालबाईंच्या बोलण्यात असते, मुलाच्या अडचणीत असते. उद्या निम्मा प्रोग्रॅम यंत्रे लिहू लागली तर तो वाचून 'हे असे का?' असे विचारणाऱ्या आणि आपले नाव घालून त्याची जबाबदारी घेणाऱ्या माणसांची गरज वाढेल. आज्ञा पाठ केलेली मुले त्या दिवशी सर्वांत आधी निरुपयोगी ठरतील, कारण आज्ञा यंत्रालाही पाठ असतात.

तेव्हा करायचे काय? माझे मागणे फार नाही. पहिला आठवडा एकही आज्ञा शिकवू नका. मुलांना एक लहान प्रोग्रॅम द्या, त्यात प्रत्येकाला एकेक बदल करू द्या, आणि वहीच्या पानावर तीन ओळी लिहायला लावा: अडचण काय होती, मी काय केले, आणि दुसरा मार्ग सोडून हाच का घेतला. मग वह्यांची अदलाबदल करा. ज्याचा निरोप वाचून शेजाऱ्याला बदल समजला नाही त्याने तो पुन्हा लिहावा. एका निरोपात एकच बदल असू द्या. 'आणि शिवाय' हे शब्द आले की समजावे, नोंदी दोन करायला हव्यात. दुसऱ्या आठवड्यात गिट द्या. तोवर त्या रिकाम्या रकान्यात काय भरायचे ते मुलांना ठाऊक झालेले असेल, आणि सात-आठ आज्ञा शिकायला दोन तास पुष्कळ झाले. हे काम संगणकाच्या शिक्षकावर टाकून मराठीच्या शिक्षकांनी मोकळे होऊ नये. निबंधात 'माझी सहल' अठ्ठावीस वेळा लिहवून घेण्यापेक्षा एक खरा बदल आणि त्याचे एक खरे कारण लिहवून घेणे हे भाषेच्या दृष्टीनेही अधिक मोलाचे आहे.

दिवाळीत व्यापारी वहीची पूजा करतो. ती तो कोऱ्या कागदाची करीत नाही. त्या वहीत वर्षभर जे खरे लिहिले जाणार आहे त्याची करतो. आपण मुलांच्या हातात जगातली एक उत्तम वही दिली आहे, ती कशी उघडायची आणि कशी मिटायची तेही शिकवले आहे. आता तीत लिहायचे काय, ते शिकवायला आपण लागावे. तो रकाना अजून रिकामा आहे, आणि मुले आपल्याकडे पाहत आहेत.